मिस्त्रींची चुकांची पाटी

वेळ सकाळी अकराची. जागा कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीचा व्हरांडा. लाकडी बाकावर आम्ही चौघे: पंपदुरुस्तीचे दस्तगीर मिस्त्री, त्यांचे भागीदार आणि लेथवरचे कारागीर अण्णा चौगुले, गाठी दाबायच्या प्रेसवरचा कामगार मारुती, आणि मी, बातमीदार. आत टेबलावर लाखेचं सील मारलेला पत्र्याचा डबा. तो उघडायला साहेब अकराला येणार होते. ते सव्वाबाराला आले.

त्या सव्वा तासात मला एक गोष्ट कळली. किस्से घडतात तेव्हा त्यांना किस्सा म्हणायला कुणाला सवड नसते. पंप बंद पडलेला असतो, गिऱ्हाईक तापलेलं असतं, हात कोपरापर्यंत तेलात असतात. ते सगळं कुठंतरी आत साठत जातं. मग एखादा साहेब तुम्हाला बाकावर ताटकळत ठेवतो आणि ते एकेक करून बाहेर यायला लागतं. माझ्या सगळ्या नोकरीत मला पत्रकार परिषदांत जे मिळालं नाही, ते सरकारी बाकांवर मिळालं. सरकारचे माझ्यावर उपकार असतील तर ते एवढेच!

डब्याचं आधी सांगतो, म्हणजे आम्ही बाकावर कशासाठी बसलो होतो ते कळेल.

कापडाच्या गाठी दाबायचा एक प्रेस होता. त्याला तीन पिस्टनचा पंप. हा पंप तेल इतक्या जोरानं ढकलतो की ताग्यांचा ढिगारा दाबून वीतभर होतो. जोर हद्दीबाहेर गेला तर सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा आणि तेल परत टाकीत सोडून द्यायचं, अशी व्यवस्था. एक दिवस व्हॉल्व्ह उघडला नाही. पाइप फुटला. मारुतीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

याच कचेरीनं चौकशी केली. अहवाल आला. 'दुरुस्ती करणाऱ्याने सेफ्टी व्हॉल्व्ह चुकीचा बसविल्याने अपघात.' दुरुस्ती करणारे दस्तगीर मिस्त्री. त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता! व्हॉल्व्ह डब्यात गेला, डबा कपाटात गेला, आणि प्रेसचे मालक मारुतीला सांगायला मोकळे झाले, "तुझ्या बोटांचं त्या मिस्त्रीला विचार."

मिस्त्रींची एक पद्धत होती. व्हॉल्व्ह स्वतः बसवला की त्याच्या नटातून तार ओवायची, तारेला शिशाची चकती लावायची आणि पक्कडीनं दाबून तिच्यावर चांदणी उमटवायची. नट जादा आवळला की व्हॉल्व्ह उघडेनासा होतो, पण चांदणी मोडल्याशिवाय नट फिरत नाही. अहवालाच्या अकरा पानांत त्या चांदणीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी त्यावर पेपरात लिहिलं, पुन्हा लिहिलं, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठं डबा मिस्त्रींसमोर उघडायचं ठरलं.

मी बाकावर बसल्या बसल्या तावातावानं म्हणालो, "मिस्त्री, आज यांचा अहवाल यांच्याच टेबलावर फाडायचा!"

मिस्त्री म्हणाले, "पेपरवाले, मी सुटायला आलो न्हाय. बगायला आलोय. चांदणी शाबूत असली तर चूक माझी. मग मी मारुतीच्या आईचं पाय धरतो. मोडलेली असली तर जेनं मोडली त्याची. पण आदी दाखवा तर!"

शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब मीटिंगला गेलेत. बसा."

आम्ही बसलेलोच होतो.

* * *

"तुमची-आमची वळख बी अशी वाट बगतानाच झाली न्हवं?" अण्णांनी विषय बदलला.

खरं होतं. मी नुकताच बीए होऊन पेपरात लागलो होतो. मला पाठवलं एका उद्घाटनाला. गाड्या धुवायचं सर्व्हिसिंग स्टेशन, जोराच्या फवाऱ्याचा नवा कोरा पंप, मांडव, बँड आणि पुढारी. पुढाऱ्यांच्या हातात फवाऱ्याची बंदूक दिलेली. बटण दाबलं. पंप थडथडला, रबरी नळी सापासारखी वळवळली आणि बंदुकीतून दोन थेंब पडले. मोजून दोन!

मालकाचा चेहरा पांढरा. पुढारी बंदूक रोखून उभे. बँडवाल्यांना वाटलं हीच वेळ, त्यांनी वाजवायला घेतलं.

मागच्या बाजूला एक किडकिडीत माणूस पंपाच्या नळीवर हात ठेवून उभा होता. त्यानं मालकाला विचारलं, "टाकीत काय टाकलंसा?"

"काय नाही. पूजा केली फक्त."

"कशाची?"

"पाण्याची!"

टाकीचं झाकण काढलं. आत झेंडूचा हार, पाच विड्याची पानं, नारळाच्या शेंड्या आणि वर हळदीकुंकवाची साय. पंप पाणी ओढतो त्या जाळीला हारानं मिठी मारलेली.

"पंपाची पूजा करायची की! पाण्याची कशापायी केलीसा? त्याच्या नरड्यात हार अडकलाय!" असं म्हणत त्या माणसानं हात घालून हार उपसला.

पंपानं पाणी धरलं. पुढाऱ्यांचं बोट अजून बंदुकीच्या घोड्यावर होतं, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. पहिला फवारा फलकावर, दुसरा बँडच्या ढोलावर, तिसरा माझ्यावर. माझी वही जागेवर धुऊन निघाली.

मी ऑफिसात जाऊन घडलं तसं लिहिलं. संपादकांनी निम्मं कापलं. सकाळी मथळा आला: 'जलवर्षावात उद्घाटन संपन्न'!

तो किडकिडीत माणूस म्हणजे दस्तगीर मिस्त्री. मांडवातून निघताना त्यांनी माझी ओली वही बघितली आणि म्हणाले, "चला, आमच्या भट्टीवर वाळवू." उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी तेव्हा गेलो तो अजून जातोच आहे. मिस्त्री आणि अण्णा, दोघेही शिवाजी पेठेतले, एकाच तालमीत घुमलेले. एक व्हॉल्व्ह घासतो, दुसरा लेथ चालवतो आणि दोघे दिवसभर भांडतात.

* * *

वर्कशॉपला फोन नव्हता. शेजारच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात होता. तिथून कुणीतरी ओरडायचं, "चाचा, ट्रंक कॉल!" आणि मिस्त्री हात पुसत पळायचे.

एकदा इचलकरंजीहून एका सायझिंगवाल्याचा, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्याचा, फोन आला. मीही मिस्त्रींबरोबर गेलो. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की मला बाजूला उभं राहून ऐकू येत होतं. "चाचा, पंप ठोकतोय! सकाळपासनं ठोकतोय! जाम व्हायच्या आत या!"

मिस्त्री म्हणाले, "फोन पंपाजवळ न्या."

"वायर पुरत न्हाय."

"मग दार उघडा."

दार उघडल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी डोळे मिटले. त्यांचा डावा कान पंपांनी कधीच खाल्लेला होता, सगळं काम उजव्यावर. पलीकडच्याच्या कॉलची मिनिटं पळत होती. ट्रान्सपोर्टवाल्याला फोन मोकळा हवा होता. मिनिटभरानं मिस्त्री म्हणाले, "पंप बरा हाय. शेजारी कोणतरी छन्नी-हातोडी घेऊन बसलंय. त्याला चहा प्यायला पाठवा."

पलीकडं रिसीव्हर टेबलावर आपटला. मग लांबून कुणालातरी घातलेली शिवी. मग पळत परत येणारी पावलं.

"चाचा, थांबला की ओ!"

मी विचारलं, "कसं ओळखलंत?"

"पंप ठोकतो तवा मोजून ठोकतो. ह्यो मधनं मधनं थांबून घाम पुसत हुता."

* * *

शिपाई पुन्हा आला. साहेबांची मीटिंग संपली होती, पण साहेब आले नव्हते. मी उठलो आणि त्याला नियम ऐकवायला लागलो. मिस्त्रींनी माझा सदरा धरून खाली बसवलं. "त्यो बिचारा निरोप आणतोय. त्याच्यावर कशाला प्रेशर टाकतासा?"

अण्णा म्हणाले, "बापू पाटलांचं सांग की."

बापू पाटील कसबा बावड्याचे. ऊस, भाजीपाला, दोन म्हशी. त्यांनी औषध फवारायचा पिस्टन पंप घेतला होता. महिनाभरात तो दोरीनं बांधून सायकलवर घेऊन आले. "पावणं, ह्यो जाम झालाय. विकणाऱ्यानं फसवलं."

मिस्त्रींनी खालचा बोल्ट काढला. पिस्टन हलवणारा दांडा ज्या डब्यात फिरतो, त्यात इंजिनाचं तेल असतं. ते काळपट असायला पाहिजे. बाहेर आला घट्ट, पिवळा, डिंकासारखा चिकट गोळा. आणि वास असा सुटला की शेजारचा ट्रान्सपोर्टवाला डोकावून गेला.

मिस्त्रींनी बोटाला लावून हुंगलं. "बापू, पंप आणलासा का तळण?"

"तेल घाला म्हणून कागदात लिवलंतं. घातलं."

"कंचं?"

"शेंगतेल! घरच्या शेंगा, माझ्या देखत घाण्यावर काढलंय. एक थेंब भेसळ न्हाय!"

"ह्यात कांदा कापून टाकायचा तेवढा राहिलाय बगा."

बापू दुखावले. माणूस मनापासून बोलत होता. "आमी पोरांना ह्येच घालतो. पोरं कशी टणटणीत हायत! पंपालाच का चालत न्हाय?"

मिस्त्रींनी समजावलं, "बापू, पंप मिनिटाला पाचशे गिरक्या घेतोय. पोरं घेत न्हाईत."

बापूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "आमचं धाकटं घेतंय."

* * *

आता पाटीचं. वर्कशॉपच्या दारामागं एक काळी पाटी टांगलेली होती. काम बिघडलं की त्यावर खडूनं लिहायचं: काय बिघडलं, कुणामुळं. बिघाड निस्तरला की पुसायचं, पण ज्याचं नाव त्यानंच. दुसऱ्यानं पुसायच्या फडक्याला हात लावायचा नाही. ही पद्धत मिस्त्रींचीच, आणि पाटीवर सगळ्यांत जास्त वेळा नावही त्यांचंच असायचं. मी वीस वर्षं सरकारी खाती बघतोय. असली पाटी मला एका खात्यात दाखवा!

एकदा मी गेलो तर पाटीवर लिहिलेलं: 'चष्मा गायब. आन्ना.' मिस्त्रींचा चष्मा हरवला होता आणि अण्णांनी तो चेष्टेत लपवला, असा त्यांचा पक्का समज. अण्णा शपथा घेत होते. दोघांचं बोलणं बंद. एकाच टेबलावर काम करायचं आणि बोलायचं माझ्यामार्फत.

"पेपरवाले, आन्नाला म्हणावं बारा नंबरचा पाना दे."

"पेपरवाले, दस्तगीरला म्हणावं पाना त्याच्याच हातात हाय!"

त्याच आठवड्यात चाचणीच्या टेबलावरचा त्यांचा स्वतःचा पंप त्रास द्यायला लागला. प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा थरथरायचा. मिस्त्री म्हणत, व्हॉल्व्हमध्ये कचरा. अण्णा म्हणत, बेअरिंग गेलं. मिस्त्रींनी तिन्ही व्हॉल्व्ह काढून घासले. अण्णांनी बेअरिंग बदललं. काटा थरथरतोच आहे! दोघंही हट्टाला पेटलेले. आठव्या दिवशी कंटाळून टाकी रिकामी केली. पाणी ओढायच्या जाळीवर, एक काच अगदी घट्ट बसवून, मिस्त्रींचा चष्मा चिकटलेला. वाकून टाकीत बघताना पडला असणार.

मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा अण्णांकडं नीट बघितलं.

"आन्ना, लई वाळलास की रं!"

मग जाऊन पाटीवरच्या अण्णांच्या नावावर काट मारून स्वतःचं लिहिलं. दिवसभर ते तसंच ठेवलं, पाटी दारामागून पुढं काढून, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसेल असं, आणि संध्याकाळी स्वतः पुसलं.

* * *

त्या काळी पिस्टनला चामड्याच्या वाट्या लागायच्या. पिस्टनच्या टोकाला ही वाटी बसते, तिच्या कडा सिलिंडरला घासतात, म्हणून पाणी मागं येत नाही. मिस्त्री या वाट्या चप्पल करणाऱ्या गणपतरावांकडून कापून आणायचे आणि तेलात भिजत घालायचे.

एका कारखान्याचा नवा इंजिनिअर आला, गळ्याला टाय. त्याला या वाट्यांची इत्थंभूत माहिती लेखी हवी होती.

"मटेरियल?"

"म्हस."

त्यानं लिहिलं. "म्हशीचा कुठला भाग?"

"पाठ. पोटाचं सैल पडतंय. तुमचं-आमचं बी तसंच."

तेही त्यानं लिहिलं असावं. "आयुष्य किती?"

"पंपाला वाळूचं पाणी पाजलं न्हाईसा, तर तुमच्या नोकरीपेक्षा ज्यादा टिकंल."

इंजिनिअर रागावून गेला. सहा महिन्यांनी त्याच कारखान्यातून दुसरा इंजिनिअर आला, ओळख करून घ्यायला. मिस्त्रींनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वाट्या काय म्हणत्यात?"

"कुठल्या वाट्या?"

"म्हंजे बऱ्या हायत."

* * *

यानंतरचा मला चीड आणणारा, पण बाकावर त्यालाच सगळ्यांत जास्त हसलो.

एका कारखान्यात पंप पुरता जोर देत नाही म्हणून मिस्त्रींना बोलावलं. मी सोबत. मॅनेजरनं पंपावरचं गेज दाखवलं. "बघा, बाराशे पौंड. प्रेशर बरोबर आहे. तरी काम होत नाही. तपासणीवाले दर वर्षी येतात, बाराशे लिहून घेतात, सही करून जातात."

मिस्त्रींनी गेजकडं बघितलं, पंपाकडं बघितलं. म्हणाले, "बंद करा."

पंप बंद केला. काटा बाराशेवर.

मिस्त्रींनी गेज फिरवून काढलं. काटा बाराशेवर! ते त्यांनी तळहातावर ठेवलं आणि मॅनेजरच्या नाकासमोर धरलं. "सायेब, माझ्या हातावर बाराशे पौंड हाय. मी गेलोच की आता!"

मॅनेजरनं गेज उलटंसुलटं करून बघितलं. शेवटी हळूच म्हणाला, "पण मग इतकी वर्षं सह्या कशाच्या झाल्या?"

"काटा हलंना झालावता, सह्या करणाऱ्याचा हात हलत हुता. दोघांचं बरं जमलं!"

मी ती बातमी दिली. तपासणी खात्याचा खुलासा आला. 'गेज तपासणीच्या दिवशी योग्य प्रेशर दाखवीत होते.' हे मात्र शंभर टक्के खरं होतं!

* * *

हसणं थांबल्यावर मारुती बोलला. उजवा हात मांडीखाली घालून बसायची त्याला सवय लागली होती.

"चाचा, एक इचारू? त्यो व्हॉल्व्ह आदी लई फुसकायचा. ताग्यांचं दोन थर जादा लावलं की फुस्स! प्रेस थांबायचा, मालक वराडायचे. शेवटचा महिनाभर गप हुता. कितीबी लावा, दाबायचाच. मला वाटलं, तुमी येऊन नीट करून गेलासा."

मिस्त्री त्याच्याकडं वळले. "महिनाभर?"

"व्हय."

"मी आलतोच न्हाय, मारुती. पाडव्याच्या आदी एकदा आलतो, चांदणी मारून गेलो. त्यानंतर न्हाय."

"मग कोण आलतं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझी वही उघडीच होती. मी म्हणालो, "मारुती, हे तू चौकशीत का नाही सांगितलंस?"

"मला इचारलंच न्हाय की. म्हणले, तू दवाखान्यात हाईस, इश्रांती घे."

मिस्त्रींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तरी बगू दे. माझ्या चांदणीत बी खोट असंल. शिसं मऊ असतंय." अपघातापासून त्यांनी कुणाच्याही पंपाला चांदणी मारलेली नव्हती. व्हॉल्व्ह बसवून द्यायचे, पण पक्कड खिळ्याला टांगलेली. गिऱ्हाईक मागायचे, "चाचा, तुमची सही?" तर म्हणायचे, "आदी जुनी बगून येतो."

आणि पाटीवर, अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून, एकच ओळ होती: 'प्रेसचा सेफ्टी व्हॉल्व्ह.' पुढं नाव नाही. मिस्त्रींनी जागा मोकळी सोडली होती.

* * *

सव्वाबाराला साहेब आले. घाईत होते. मी डबा उघडायच्या आधी हातात घेऊन चारी बाजूंनी बघितला. झाकणाच्या फटीवर कागदाची पट्टी, पट्टीवर चौकशी करणाऱ्यांच्या पाच सह्या, सह्यांवर लाखेची दोन सिलं. एकालाही तडा नाही. मी वेळ टिपली: बारा वाजून वीस मिनिटं.

शिपायानं लाख फोडली. साहेबांनी यादी वाचायला घेतली. "वस्तू क्रमांक एक, फुटलेल्या पाइपचा तुकडा." होता. "दोन, पाइपचा नट." होता. "तीन, तेलाचा नमुना, बाटली." होती. "चार, अपघातसमयी वापरात असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह, नग एक."

साहेबांनी व्हॉल्व्ह मिस्त्रींच्या हातावर ठेवला.

मिस्त्रींनी चष्मा लावला. व्हॉल्व्ह फिरवून बघितला. नटातलं भोक बघितलं. तारही नाही, शिसंही नाही. मग त्यांनी तो नाकाशी नेला. मग अण्णांच्या नाकाशी धरला. अण्णांनी मान हलवली.

"सायेब," मिस्त्री अगदी हळू म्हणाले, "ह्यो कोरा हाय. ह्येनं अजून तेल बगितलं न्हाय. भोकातनं कदी तार गेल्याली न्हाय. ह्यो बगा, दुकानातला मेणकागद चिकटलाय."

साहेबांनी यादी पुन्हा वाचली. "कागदाचा उल्लेख यादीत नाही."

"कागदाचं सोडा! माझा व्हॉल्व्ह कुठं हाय?"

"यादीत व्हॉल्व्ह नग एक आहे. डब्यात व्हॉल्व्ह नग एक आहे. तुम्ही बघितलात. इथं सही करा."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. अण्णांनी मला धरलं. मारुती व्हॉल्व्हकडं बघत होता. तो म्हणाला, "ह्यो न्हवं. त्याच्यावर माझ्या देखत चांदणी मारलीती."

मिस्त्रींनी पेन घेतलं. सहीच्या जागेवर सावकाश अक्षर काढत लिहिलं, 'व्हॉल्व्ह बगितला. माझा न्हाई. दस्तगीर.' पेन टोपण लावून परत दिलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"सायेब, पाटीवर नाव कुणाचं लिवू?"

"कसली पाटी?" साहेबांनी विचारलं.

मी त्यानंतर त्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. प्रत्येकात एकच प्रश्न: मिस्त्रींचा व्हॉल्व्ह कुठं आहे? तिन्हींची पोच माझ्याकडं आहे, उत्तर नाही. पाटी अजून दारामागं आहे, नावाची जागा मोकळीच आहे.

डब्यावरची दोन्ही सिलं शाबूत होती. पाचही सह्या खऱ्या होत्या. आतला व्हॉल्व्ह नवा होता.